लगबग शंभर टक्के

हटवार मॅडमना कोणी सहज म्हटलं, "आज ऊन फार आहे," तरी त्या विचारायच्या, "कायनं मोजलं?"

समोरचा गोंधळायचा. उन्हाला काय मोजायचं? पण मॅडम थांबायच्या. मग तो म्हणायचा, डांबर चपलेला चिकटून राहिलं आहे. "हां, आता समजलं," म्हणून त्या पुढे जायच्या. हा प्रश्न त्या ऑटोवाल्याला विचारत, भाजीवालीला विचारत, आणि दुर्दैवाने आमच्या प्रिन्सिपल सरांनाही विचारत. ज्या शाळेत सगळं आधीच मोजून, रंगवून गेटवर लावलेलं आहे, तिथे असा प्रश्न विचारणं जरा वाईटच दिसतं.

त्यांच्याबद्दल लिहावं असं परवा वाटलं, कारण कॉलेजनं फोनवर एक लिंक पाठवली. प्रत्येक शिक्षकाला पाचपैकी किती तारे, ते द्यायचे होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजनं सांगितलेलं सगळं मी लगेच करते, उगाच कोणी परत पाठवायला नको. पण या वेळी अंगठा ताऱ्यांवर धरून बराच वेळ बसले. कानात तोच प्रश्न येत होता. शेवटी सगळ्यांना चार-चार तारे दिले. कोणाला वाईट वाटणार नाही आणि कोणाला काही कळणारही नाही. बहुतेक त्यासाठीच तारे असावेत.

मला व्यक्तिचित्र वगैरे लिहिता येतं की नाही, माहीत नाही. मराठी मी घरीच बोलते, बाहेर हिंदी. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची शाळा भिलाईच्या जुनवानीत होती. तिच्या नावात 'ग्लोबल' होतं आणि 'पब्लिक'ही होतं. माध्यम इंग्रजी होतं. म्हणजे सूचना इंग्रजीत लागायच्या आणि त्यांचा अर्थ हिंदीत समजावून सांगितला जायचा. गेटवर निळ्या रंगाचा मोठा बोर्ड होता, 'दसवीं बोर्ड में शत-प्रतिशत परिणाम'. त्याच्या बाजूला टॉपर मुलांचे फोटो. मुलं केव्हाच शिकायला बाहेर निघून गेली होती, पण फोटो शाळेनं सोडले नव्हते. उन्हानं त्यांचे चेहरे इतके फिकट झाले होते की, नवीन पालकांना त्यात आपलंही मूल दिसू शकायचं.

हटवार मॅडम विज्ञान शिकवायच्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि साडीवर पुरुषी बूट, कारण स्कूटीवरून भिलाई-3 च्या रेल्वे क्वार्टरमधून यायच्या. त्यांचे मिस्टर मालगाडी चालवायचे. स्कूटीच्या डिक्कीत डबा कमी आणि वायर, बल्ब, चुंबक, वाळलेली लिंबं जास्त. वर्गात त्या हिंदी बोलत. माझ्याशी मराठी सुरू झालं ते एका चटक्यामुळे. प्रयोगशाळेत गरम नळीला बोट लागलं आणि मी ओरडले, "आई वो, मले भाजलं!"

मॅडम गर्रकन वळल्या. बोटाकडे त्यांनी नंतर पाहिलं.

"मले? कुठली वो तू?"

"आमगावकडचे आहोत मॅडम. बाबा स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे आहेत."

"मंग इतके दिवस हिंदी कावून झाडून राहिली होती माह्यासमोर? चाल, नळाखाली धर बोट."

त्या दिवसापासून मी त्यांची सामान उचलणारी झाले. चार्ट, मॅग्नेट, तपासलेल्या वह्या. म्हणून मला बऱ्याच गोष्टी दाराबाहेर उभं राहून ऐकायला मिळाल्या.

मॅडमची एक सवय प्रिन्सिपल सरांना फार खुपायची. उत्तरपत्रिकेवर त्या नुसता आकडा लिहीत नसत. आकडा द्यायच्याच, पण खाली एखादी ओळ. माझ्या एका पेपरवर होतं, 'उत्तर बरोबर. पण तुझं नाही, गाइडचं आहे.' एका मुलाच्या पेपरवर लिहिलं होतं, 'उत्तर चुकलं. रस्ता बरोबर होता, एक स्टेशन आधी उतरलास.' हिंदीतच लिहीत, पण हिंदी त्यांची अशी गोंदियाहून आलेली. सर म्हणाले, "मैडम, पैरेंट्स को नंबर चाहिए. ये निबंध कौन पढ़ेगा?" मॅडम म्हणाल्या, "जिसका पेपर है, वो." सर हसले. सर मोठ्या मनाचे होते. त्यांनी फक्त पुढच्या वेळेपासून उत्तरपत्रिका घरी पाठवणंच बंद केलं.

आमच्या वर्षी शाळेला तारे मिळायचे होते. कुठली तरी संस्था होती, ती शाळांना तारे द्यायची. आठवडाभर आधी टेम्पोतून कुंड्या आल्या. हिरव्या, निळ्या, लाल कचरापेट्या आल्या आणि त्यांत कचरा टाकायचा नाही अशी सक्त ताकीद मिळाली. लायब्ररीचं कपाट उघडलं गेलं. पायऱ्यांखाली पिवळा कागद चिकटवून 'हैप्पीनेस कॉर्नर' तयार झाला. तिथे आम्हाला पाळीपाळीने आनंदी बसायचं होतं.

तपासणारे सर खरंच भले गृहस्थ होते. हातातल्या टॅबवर टिक करत ते फिरले. लायब्ररीपाशी येऊन म्हणाले, "बहुत बढ़िया लाइब्रेरी."

मॅडम मागेच होत्या. "किससे नापा सर?"

"जी?"

"बढ़िया है, ये किससे नापा?"

"किताबें काफी हैं, मैडम."

मॅडमनी कपाटातून एक पुस्तक काढलं आणि उघडलं. ते कडाडून उघडलं, पापड मोडावा तसं. पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी दुसरं काढलं, तेही कडाडलं. "सर, आप नई किताबें मत गिनिए. वो गिनिए जिसका कोना मुड़ा है, जिस पे किसी की सब्ज़ी गिरी है." तपासणारे सर एकदम मनापासून म्हणाले, "मैडम, बात तो सही है, पर उसका कॉलम नहीं है."

शाळेला चार तारे मिळाले. दुसऱ्या दिवशी कुंड्या टेम्पोत चढून परत गेल्या. हैप्पीनेस कॉर्नर मात्र राहिला, कारण डिंक चांगला होता.

मॅडमची स्वतःची परीक्षा वेगळी असायची. एखादा धडा संपला की त्या तीन गोष्टी करायला लावत. लिहून दाखवा, हातानं करून दाखवा, आणि सहावीच्या मुलांना शिकवून दाखवा. लिहिण्यात मी कायम पुढे. विजेचं सर्किट झालं तेव्हा लेखी परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले. मग मला सहावीच्या वर्गात उभं केलं. मी व्याख्या सांगितली. एका मुलीनं विचारलं, "दीदी, स्विच तो दीवार पे है, बल्ब ऊपर है, उसको पता कैसे चलता है?" मी तीच व्याख्या परत सांगितली, जरा हळू आवाजात. मुलीनं माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं, ते मी अजून विसरले नाही.

माझ्यानंतर टिकेश्वरी निषाद आली. ती माझ्याच बाकावर बसायची. तिचे बाबा ई-रिक्षा चालवायचे, आणि घरी रिक्षा बिघडली की टॉर्च धरण्याचं काम तिचं. लेखी परीक्षेत ती काठावर असायची, कधी काठाच्या अलीकडे. तिनं सहावीच्या मुलांना हात धरून गोल उभं केलं. एकानं दाबला की पुढच्यानं दाबायचा, हात सुटला की खेळ बंद. "अब बताओ, बल्ब को किसने बताया?" मुलं तिला सोडेचनात. घंटा झाली तरी गोल तसाच.

परत येताना मॅडम मला म्हणाल्या, "तुले पाठ आहे, तिले समजलं आहे. तुमा दोघींची एक पोरगी करता आली असती तं लय बरं झालं असतं."

मला राग आला होता. पण खरं होतं, काय करणार.

टिकेश्वरीनंच मॅडमना एकदा सांगितलं होतं, छत्तीसगढीत, "मोला बताए बर आथे मैडम, लिखे बर नई आवय." म्हणजे सांगता येतं, लिहिता येत नाही. आता इथे मॅडम म्हणाल्या असत्या की, बाळ, लिहिण्याला काय महत्त्व, तर गोष्ट छान झाली असती. मॅडम म्हणाल्या, "बोर्ड का मास्टर तुम्हारे मुँह के पास आके बैठेगा क्या? लिखना भी पड़ेगा." आणि तिला एक युक्ती दिली. ती बोलायची, मी लिहायची, मग ती ते वाचायची आणि पुन्हा स्वतःशी पुटपुटत लिहायची. पुटपुटल्याशिवाय तिचं पेन चालायचं नाही. चाचणी परीक्षेत तिला त्यासाठी दोनदा उठवून उभं केलं.

मग बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली.

दहावीच्या परीक्षेला दोन प्रकारे बसता येतं. शाळेची विद्यार्थी म्हणून, किंवा बाहेरून, 'प्रायव्हेट'. बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या नावावर येत नाही. इतकं सोपं ते. गेटवरचा शत-प्रतिशत कुठून येतो, हे मला तेव्हा कळलं. शिकवून नव्हे, वगळून. दरवर्षी काठावरची मुलं प्रेमानं बाहेर काढली जात, आणि त्यांचे पालक सरांना धन्यवाद देऊन जात.

त्या वर्षी टिकेश्वरीच्या बाबांना बोलावलं. मॅडम आम्हा दोघींना घेऊन ऑफिसपाशी आल्या, आम्हाला दाराबाहेर उभं केलं आणि आत गेल्या. दार त्यांनी लावलं नाही. चुकून राहिलं असेल.

सर अतिशय गोड आवाजात सांगत होते की, यात मुलीचंच भलं आहे. घरी आरामात अभ्यास करेल. निषाद काका उभेच होते. ते म्हणाले, शाळेतून काढलं तर कसला अभ्यास, मग तिला धमध्याला मावशीकडे पाठवतो, मावशीचं शिवणकाम आहे, हाताशी होईल. ते रागानं बोलत नव्हते. त्यांच्या दृष्टीनं शाळेनंच निकाल दिला होता, परीक्षेच्या आधी.

टिकेश्वरीनं माझी बाही धरली.

"सर, कमज़ोर है, ये किससे नापा?" मॅडम.

"मैडम, प्लीज़. मार्क्स सामने हैं."

"मेरे मिस्टर रेलवे में हैं. आज ही उनको बोलती हूँ. जो गाड़ी लेट होने वाली है, उसको पहले ही कैंसल कर दो. बाकी सब टाइम पे. शत-प्रतिशत."

मग सर म्हणाले, "मज़ाक अलग बात है. आप गारंटी लेंगी?"

"लूँगी."

"रिज़ल्ट टूटा, तो दसवीं आपसे वापस."

"ठीक है सर. वापस."

एवढ्या सहज म्हणाल्या की मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. दहावीचं विज्ञान म्हणजे त्यांचा जीव होता. त्या बाहेर आल्या, टिकेश्वरीला म्हणाल्या, "चलो, बड़बड़ाओ." आणि मला मराठीत, "तू लिवायले घे."

पूर्ण हिवाळा आम्ही पुटपुटत काढला.

निकाल लागला त्या दिवशी शाळेत लाडू आधीच आलेले होते. टिकेश्वरीला विज्ञानात वर्गातल्या निम्म्या हुशार मुलांपेक्षा जास्त गुण होते. हिंदीत पास, सामाजिक शास्त्रात पास, इंग्रजीत कसंबसं पास. गणितात पूरक. म्हणजे गणिताचा पेपर पुन्हा द्यायचा. एकाच विषयात, एकाच मुलीला. लाडू वाटलेच, पण सर ते असे देत होते जसं आपण फुटलेल्या काचा उचलतो.

मॅडमना त्या दिवशी काही म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, स्कूटीला किल्ली लावता लावता.

"कायनं मोजलं वो मी?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"विज्ञानानं. माह्याच विषयानं. गणिताच्या सरांले एक डाव बी जाऊन विचारलं नाही, पोरगी तिकडं काय करून राहिली म्हणून. तो प्रिन्सिपल एका काट्यानं मोजते, आन् मी दुसऱ्या एका. फरक काय झाला मंग?"

"मॅडम, तुम्ही चांगल्या मनानं—"

"मनाचा पेपर नसते ना पोरी."

आणि स्कूटी सुरू केली. दुसऱ्याच दिवसापासून टिकेश्वरी भिलाई-3 ला त्यांच्या क्वार्टरवर गणितासाठी जाऊ लागली. शिकवायला मॅडमनी गणिताच्या सरांनाच धरून आणलं होतं. स्वतः मॅडम चहा करायच्या आणि मधूनमधून विचारायच्या, "सर, समझ गई? किससे नापा?"

इकडे शाळेसमोर मोठा प्रश्न उभा राहिला. गेटवरच्या बोर्डाचं काय करायचं? नव्या प्रवेशाचे दिवस. 'शत-प्रतिशत' ठेवावं तर खोटं, काढावं तर पालक दुसऱ्या गेटवर जातील. तिथेही तेच लिहिलेलं होतं. सरांनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी पेंटर शिडीवर होता. निळ्या बोर्डावर 'शत-प्रतिशत'च्या डावीकडे चिंचोळी जागा होती. तिथे त्यानं बारीक अक्षरात एक शब्द बसवला. आता बोर्ड असा झाला: 'दसवीं बोर्ड में लगभग शत-प्रतिशत परिणाम'.

मला वाटतं, आमच्या शाळेनं बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. एका टिकेश्वरीमुळे.

त्याच दिवशी माझा दाखला घ्यायला आई सोबत आली होती. आई गावी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरं जोडून, बोट हवेत फिरवून वाचते, आणि वाचते ते मराठीच समजून. हिंदीतलं लगभग, म्हणजे जवळजवळ, तिला कुठून माहीत असणार? गेटपाशी थांबून तिनं सगळं नीट वाचलं आणि मोठ्यानं म्हणाली, "लगबग... शत... प्रतिशत. अवो, यायले कायची एवढी लगबग लागली हाये?"

हटवार मॅडम मागून येत होत्या. त्या तिथेच थांबल्या. मग हसू लागल्या. चष्मा काढून पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसल्या. पेंटर शिडीवरून खाली बघायला लागला.

"मॅडमबाई, माह्यं काई चुकलं का?" आई घाबरली.

"तुमचं? नाही वो बाई. या शाळेत आतापर्यंत इतकं बरोबर कोणी वाचलंच नाही. लगबगच आहे सारी. शंभराची लगबग." आणि आईचा हात हातात घेऊन बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्याच सकाळी त्यांच्याकडून दहावी काढून घेतल्याचं मला नंतर कळलं. त्यांना केजीचा वर्ग दिला होता. सरांनी शब्द पाळला. शब्दाचे ते पक्के होते.

टिकेश्वरी पूरक परीक्षेत पास झाली. त्या दिवशी पेंटरला कोणी बोलावलं नाही. आता ती आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकते, आणि अजूनही पुटपुटत लिहिते. धमध्याची मावशी शिवणकाम एकटीच करते.

मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते मागच्या महिन्यात. निषाद काकांच्या रिक्षातून कॉलेजला निघाले होते, शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर गर्दी म्हणून काका थांबले. केजीची मुलं बाहेर येत होती. एक लांब दोरी, तिला धरून चिमुकल्यांची ओळ, आणि पुढे दोरीचं टोक धरून हटवार मॅडम. तेच बूट. केस बरेच पांढरे झालेले. ओळ अडली होती, कारण शेवटच्या एका मुलीला बुटाचा बंद स्वतःच बांधायचा होता. ती बांधायची, तो सुटायचा. मॅडम वाकून तिच्याकडे पाहत होत्या, पण हात लावत नव्हत्या.

गेटमध्ये प्रिन्सिपल सर घड्याळ दाखवत होते. मागे मोठ्या वर्गांची मुलं खोळंबली होती. "मैडम, जल्दी! जल्दी कीजिए!"

मी रिक्षातून हात हलवला. मॅडमनी मला पाहिलं. ओळखलं, कारण चष्म्यामागून हसल्या. मग सरांकडे वळल्या आणि फक्त एक बोट वर करून त्यांना गेटवरचा बोर्ड दाखवला. तो चिंचोळा शब्द, आईनं वाचला होता तो.

सरांनी मान वर करून बोर्ड वाचला. दोनदा वाचला. त्यात त्यांना काही चूक दिसली नाही.